छिगोंग: शरीरात 'ऊर्जा फिरते' म्हणजे नेमकं काय होतं?

फेब्रुवारी-मार्च म्हणजे हिंगोली जिल्ह्यात हळद काढणीचे दिवस. कळमनुरी तालुक्यातल्या शेतांमध्ये माणसं दिवसभर ओणवी होऊन कंद गोळा करत असतात. त्याआधी निंदणी-खुरपणी झालेली असते, कापसाची वेचणी झालेली असते. संध्याकाळी कंबर धरून घरी यायचं आणि जरा टेकायचं. मग मोबाइल उघडला की समोर एखादी रील येते: सैल कपड्यातला एक माणूस संथपणे दोन्ही हात वर नेतोय आणि खाली लिहिलेलं असतं, 'शरीरातली अडलेली ऊर्जा मोकळी करा, पाठदुखी कायमची घालवा.'

या प्रकाराचं नाव छिगोंग. काही जण 'किगाँग' असंही म्हणतात. ही चीनमधली जुनी व्यायामपद्धती आहे आणि सोशल मीडियामुळे आता आपल्या गावागावात पोहोचली आहे. पण 'ऊर्जा फिरते' म्हणजे शरीरात नेमकं काय होतं? आणि त्यात उभं राहण्याच्या पद्धतीला एवढं महत्त्व का?

छिगोंग म्हणजे काय?

चिनी भाषेत 'छी' म्हणजे श्वास, हवा, वाफ आणि त्यावरून जीवनशक्ती. 'गोंग' म्हणजे सरावाने कमावलेलं कौशल्य. थोडक्यात, श्वास आणि जीवनशक्तीवर केलेली मेहनत.

मुळं खूप जुनी आहेत. चीनमधल्या छांग्शा शहराजवळ मावांगदुई इथे १९७० च्या दशकात उत्खनन झालं. तिथल्या इ.स.पूर्व १६८ मधल्या एका थडग्यात रेशमी कापडावरचं एक चित्र सापडलं. हात ताणणाऱ्या, वाकणाऱ्या, वळणाऱ्या ४४ आकृत्या त्यावर काढलेल्या आहेत. मात्र या सगळ्या प्रकारांना मिळून 'छिगोंग' म्हणायची पद्धत अलीकडची आहे. १९५० च्या दशकात चिनी आरोग्य केंद्रांमध्ये हे व्यायाम शिकवले जाऊ लागले आणि हे नाव रूढ झालं.

आज सगळ्यात जास्त शिकवला जातो तो प्रकार म्हणजे बादुआनजिन, म्हणजे आठ हालचालींचा संच. दोन्ही हात डोक्यावर नेऊन आकाश पेलल्यासारखं करायचं, धनुष्य ओढल्यासारखे हात ताणायचे, मान वळवून मागे बघायचं, अशा त्या हालचाली आहेत.

छिगोंगचे शिक्षक तीन गोष्टी सांगतात आणि त्यांचा क्रमही सहसा ठरलेला असतो. आधी शरीर नीट ठेवा, मग श्वास नीट करा, मग मन. रीलमध्ये मात्र हा क्रम उलटा होतो. तिथे पहिल्या मिनिटापासूनच ऊर्जेची गोष्ट सुरू असते.

हे आपल्याला ओळखीचं का वाटतं?

कारण अशी भाषा मराठी माणसाने आधीच ऐकलेली आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मधली. तिच्या सहाव्या अध्यायात आसन कसं घालावं, पाठ कशी ठेवावी आणि मग कुंडलिनी कशी जागी होते याचं सविस्तर वर्णन येतं. ज्ञानेश्वरांना ही परंपरा नाथपंथातून मिळाली.

हिंगोली जिल्ह्यासाठी तर ही घरचीच गोष्ट. संत नामदेवांचं जन्मस्थान मानलं जाणारं नर्सी याच जिल्ह्यात आहे. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर ज्या औंढा नागनाथाच्या देवळात भेटल्याचं परंपरा सांगते, तेही इथलंच.

म्हणून चिनी 'छी' ऐकलं की आपल्याला लगेच 'प्राण' आठवतो. कल्पना जवळच्या आहेत, पण त्यांचे नकाशे वेगळे आहेत. योगाच्या परंपरेत इडा, पिंगला आणि सुषुम्ना या मुख्य नाड्या, आणि सुषुम्ना कण्यातून वर जाते. चिनी परंपरेत पाठीच्या मध्यातून वर जाणारा एक मार्ग आणि शरीराच्या पुढच्या बाजूने खाली येणारा दुसरा. जीभ टाळूला लावली की हे दोन मार्ग जोडले जातात, असं मानतात. आपल्याकडे चक्रं आहेत, तर तिकडे 'दानत्येन' नावाची तीन केंद्रं: बेंबीच्या खाली, छातीत आणि भुवयांच्या मध्ये.

शरीर एकच आणि नकाशे दोन. शवविच्छेदनात रक्तवाहिन्या आणि नसा दिसतात. नाड्या किंवा छीचे मार्ग दिसत नाहीत. याचा अर्थ हे नकाशे खोटे ठरतात असा नाही. आत लक्ष लावून बसलेल्या माणसाला काय जाणवतं, हे सांगणारे ते नकाशे आहेत. गडबड होते ती त्यांना शरीररचनेचे नकाशे समजल्यावर.

महाराष्ट्रात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच विचारला गेला

ऊर्जेच्या भाषेत सांगितलेल्या गोष्टी यंत्राने मोजता येतील का? हा प्रश्न महाराष्ट्रात गांभीर्याने हाती घेतला तो स्वामी कुवलयानंद यांनी. त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. खानदेशात अमळनेर इथे ते शिक्षक होते. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. योगक्रियांवर प्रयोग करायचे आणि त्यांचे निष्कर्ष छापायचे, हा त्याचा उद्देश होता.

त्यांचा गाजलेला प्रयोग नौलीवरचा. नौली म्हणजे श्वास बाहेर सोडून पोट आत ओढायचं आणि पोटाचे मधले स्नायू पुढे काढायचे. जुन्या हठयोग्यांना ही क्रिया करून मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेता येत असे. हठयोगात अशा गोष्टी शरीरातल्या वायूंच्या भाषेत सांगितल्या जातात. कुवलयानंदांनी दाब मोजायचं यंत्र लावून पाहिलं. नौलीच्या वेळी आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असं त्यांना आढळलं. पाणी वर चढतं ते या दाबाच्या फरकामुळे.

यातून क्रिया खोटी ठरली नाही. उलट ती खरी असल्याचं सिद्ध झालं, फक्त तिचं कारण स्नायू आणि दाब यांत सापडलं. छिगोंगकडे बघतानाही हीच पद्धत उपयोगी पडते: अनुभव खरा धरायचा आणि कारण तपासायचं.

मग हातात मुंग्या का येतात?

छिगोंग करणारे बरेच जण सांगतात की तळवे गरम होतात, बोटांत मुंग्या येतात, पाय थरथरतात, दोन तळव्यांच्या मध्ये काहीतरी आहे असं वाटतं. हे अनुभव खोटे नाहीत. त्यांची साधी कारणंही आहेत.

• तळवे गरम होणं: शरीर सैलावलं की हातांच्या त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तिथे रक्त जास्त येतं.

• मुंग्या येणं: गरजेपेक्षा जोरात किंवा भराभर श्वास घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांत आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. असं झालं तर 'ऊर्जा जागी झाली' म्हणून पुढे रेटू नका. श्वास नेहमीसारखा होऊ द्या.

• पाय थरथरणं: गुडघे किंचित वाकवून बराच वेळ उभं राहिलं की मांड्यांचे स्नायू थकतात.

• तळव्यांमध्ये काहीतरी जाणवणं: हातांच्या त्वचेत संवेदना टिपणारी टोकं दाटीने असतात. लक्ष तिथेच लावलं की एरवी न कळणाऱ्या बारीक संवेदनाही कळू लागतात.

मग दुसऱ्याच्या शरीरात दुरून ऊर्जा पाठवण्याचं काय? १९८० च्या दशकात चीनमध्ये छिगोंगची मोठी लाट आली, तेव्हा असे दावे करणारे 'गुरू' प्रसिद्ध झाले. १९८८ मध्ये अमेरिकेहून आलेल्या चिकित्सक अभ्यासकांच्या एका पथकाने त्यातले काही दावे तपासले. गुरू ऊर्जा कधी पाठवतोय हे समोरच्याला कळू दिलं नाही, तेव्हा परिणाम दिसला नाही.

उभं कसं राहायचं?

छिगोंगमधली सगळ्यात मूळ स्थिती म्हणजे नुसतं उभं राहणं. ऐकायला सोपं, करायला अवघड.

१. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर आणि एकमेकांना समांतर. भार टाच, अंगठ्याचा तळ आणि करंगळीचा तळ, तिन्हींवर सारखा. विठ्ठलाच्या मूर्तीला आपण 'समचरण' म्हणतो. दोन्ही पायांवर सारखा भार ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही.

२. गुडघे ताठ नकोत, किंचित सैल. ते पावलांच्या दिशेलाच राहावेत, आत वळू नयेत.

३. कमरेखालचा भाग उंच स्टुलावर टेकतोय असा सोडायचा. पोट पुढे काढायचं नाही आणि ढुंगण मागे ढकलायचं नाही.

४. छाती फुगवायची नाही. खांदे खाली, काखेत थोडी मोकळी जागा.

५. टाळूला दोरी बांधून कोणी हलकेच वर ओढतंय असं समजायचं. हनुवटी किंचित आत.

६. श्वास नाकाने आणि संथ. श्वास घेताना पोट सहज पुढे येऊ द्यायचं.

यामागचं कारण यंत्रासारखंच साधं आहे. डोकं, खांदे, कंबर आणि पावलं एका ओळीत असली की वजन हाडांवरून जमिनीत उतरतं. ओळ बिघडली की तेच वजन स्नायूंना धरून ठेवावं लागतं. आखडलेल्या स्नायूंमध्ये श्वास मोकळा होत नाही आणि बारीक संवेदनाही कळत नाहीत. छिगोंगचे शिक्षक 'इथे ऊर्जा अडली आहे' असं म्हणून बोट ठेवतात, तिथे अनेकदा एखादा स्नायू गरज नसताना ताणलेला असतो.

शरीराच्या ठेवणीवर एवढा बारीक विचार करणारं आपल्याकडचं नाव म्हणजे बी.के.एस. अय्यंगार. १९३७ मध्ये ते पुण्यात आले आणि इथलेच झाले. १९७५ मध्ये पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली. पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या, दोऱ्या वापरून कडक किंवा दुखऱ्या शरीरालाही आसनात नीट कसं ठेवायचं, हे त्यांनी शिकवलं. आसन स्थिर झाल्याशिवाय प्राणायाम नको, हा त्यांचा आग्रह होता. म्हणजे इथेही क्रम तोच: आधी शरीर, मग श्वास. २०११ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, ते चीनला जाऊन शिकवून आले.

दोन्हींत फरकही आहे. अय्यंगारांच्या ताडासनात मांड्या घट्ट आणि गुडघ्याच्या वाट्या वर ओढलेल्या असतात. छिगोंगमध्ये गुडघे सैल सोडतात. एकाच वेळी दोन्ही करायला गेलात तर काहीच नीट होणार नाही. एक पद्धत धरा.

फायदा किती, कशाचा?

छिगोंगचा जवळचा नातेवाईक म्हणजे ताई ची. संथ हालचाली आणि भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणं हा त्याचा गाभा. वृद्धांचं पडणं कसं टाळता येईल, यावर २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १०८ चाचण्यांचा आढावा घेतला. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं, असं त्यात दिसलं. सर्वाधिक खात्रीचा पुरावा तोल सावरण्याच्या व्यायामांचा होता. ताई चीनेही फायदा होऊ शकतो, पण त्याचा पुरावा तुलनेने कमी भक्कम आहे.

छिगोंगवरचे अभ्यास बरेचदा छोटे आहेत. तोल, झोप, ताण, जुनाट दुखणं यांत त्याची मदत होऊ शकते. पण ते मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी नाही. 'ऊर्जा मोकळी झाली' म्हणून औषध बंद करणं हा यातला सगळ्यात मोठा धोका आहे.

दुसरा धोका कमी बोलला जातो. तासन्‌तास एकट्याने ऊर्जा फिरवायचा प्रयत्न केल्यावर काही जणांना भास, भीती, झोप उडणं असे त्रास झाल्याच्या नोंदी चीनमध्ये आहेत. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेतही छिगोंगशी जोडलेल्या अशा मानसिक त्रासाचा उल्लेख आहे. आधीपासून मानसिक आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

शेतातून आल्यावर काय करावं?

दिवसभर ओणवं राहिलेल्या पाठीला लगेच ताणायची घाई नको. आधी थोडा वेळ पाठीवर पडा, गुडघे वाकवून. मग पाच मिनिटं वरच्या पद्धतीने उभं राहा. चक्कर येत असेल तर भिंतीजवळ किंवा खुर्ची धरून. मग बादुआनजिनची पहिली हालचाल करा: हात सावकाश वर, सावकाश खाली, सहा-आठ वेळा. भरल्या पोटी नको. व्हिडिओ बघून शिकत असाल तर बाजूने आपलाच व्हिडिओ काढून बघा; कंबर कुठे जातेय ते स्वतःला कळत नाही, मोबाइलला कळतं.

पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, दुखण्यासोबत ताप किंवा विनाकारण वजन कमी होणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम थांबवा आणि दवाखाना गाठा. लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल तर त्याच दिवशी.

बाकी कोणी विचारलं की ऊर्जा जाणवली का, तर त्या प्रश्नाची काळजी करू नका. पावलांवर भार सारखा पडला, खांदे उतरले आणि श्वास सावकाश झाला, तर त्या दिवसाचा सराव झाला.