किल्ट : असईच्या लढाईतील स्कॉटिश पलटणींचा गणवेश

मराठवाड्यातील असई (जि. जालना) येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याची आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढाई झाली. वेलस्लीच्या गोऱ्या पायदळाच्या ७४ व ७८ क्रमांकाच्या दोन्ही पलटणी स्कॉटलंडमध्ये उभारलेल्या 'हायलँडर' पलटणी होत्या. किल्ट हा या पलटणींचा पारंपरिक गणवेश होय.

किल्ट म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंत येणारे लोकरी वस्त्र. त्याच्या मागील बाजूस निऱ्या असतात व पुढचा भाग सपाट असतो. त्याच्या चौकटीच्या कापडास 'टार्टन' म्हणतात. कमरेला पुढे चामडी बटवा, पायांत लांब मोजे व डोक्यावर पिसांची टोपी असा हा वेश असे.

जॅकोबाइट बंडानंतर १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये हा वेश सामान्य पुरुषांना निषिद्ध ठरला. ब्रिटिश लष्करातील हायलँडर पलटणींना मात्र तो वापरण्याची मुभा होती. बंदी १७८२ मध्ये उठली. मधल्या काळात किल्ट टिकला तो प्रामुख्याने सैन्यामुळे.

हिंदुस्थानात मात्र हवामान आडवे आले. १७८७ मध्ये उभारलेल्या ७४ व्या पलटणीने येथे आल्यावर उष्णतेमुळे किल्टचा वापर सोडला. असईच्या इतिहासात सर्वांत मोठी किंमत मोजली ती याच पलटणीने. केळणा व जुई या नद्यांमधील मैदानात ती भरकटून गावाच्या रोखाने गेली आणि मराठ्यांच्या तोफांच्या माऱ्यात सापडली. सुमारे ५०० पैकी तिचे १० अधिकारी व १२४ सैनिक ठार झाले; ७ अधिकारी व २७० सैनिक जखमी झाले. वेश बदलला तरी पलटणीचा लौकिक कायम राहिला. या लढाईची आठवण म्हणून पलटणीच्या चिन्हात हत्ती व 'असई' हे नाव आले.

पहिल्या महायुद्धात किल्टवर खाकी आच्छादन बांधले जाई. चिखल, काटेरी तारा व विषारी वायू यांपुढे तो गैरसोयीचा ठरला. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी तो रणांगणावरून मागे घेण्यात आला. २००६ मध्ये स्कॉटिश पायदळ पलटणी एकत्र करून स्थापलेल्या 'रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड'च्या समारंभी गणवेशात तो आजही आहे.