विक्रांतचीं विमानें

गोव्यांत दाबोळीहून बोगमाळोच्या पुळणीकडे मोटारीनें निघालेल्या प्रवाशाचें चित्त समुद्राकडे लागलेलें असतें. इतक्यांत रस्त्यालगत विमानांची रांगच दृष्टीस पडते. यंत्रांचा घरघराट नाहीं, उड्डाणाची लगबग नाहीं. आपली सेवा पुरी करून हीं विमानें उन्हापावसांत स्तब्ध उभीं आहेत. भारतीय नौदलाचें हें विमानसंग्रहालय १९९८ सालीं उघडलें.

यांपैकीं दोन जातींचीं विमानें विशेष पाहण्याजोगीं आहेत. 'सी हॉक' हें ब्रिटिश बनावटीचें, एकाच वैमानिकाचें लढाऊ जेट. 'अलिझे' हें फ्रेंच, पंख्याचें, तिघांना घेऊन पाणबुड्यांचा माग काढणारें. जहाजावर जागा थोडी, म्हणून दोहोंचे पंख दुमडतात. शेपटाखालीं एक आंकडा असतो. जहाजावर आडव्या ताणलेल्या दोरांत तो अडके आणि वेगानें उतरणारें विमान थोडक्या अंतरांत थांबे. उड्डाणाच्या वेळीं वाफेच्या जोरावर चालणारें यंत्र विमानास पुढें फेंकीत असे.

हें जहाज म्हणजे 'विक्रांत'. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ब्रिटनमध्यें 'हर्क्युलिस' या नांवानें त्याची बांधणी सुरू झाली. युद्ध संपल्यावर तें अपुरेंच राहिलें. भारतानें १९५७ सालीं तें विकत घेतलें आणि ४ मार्च १९६१ रोजीं बेलफास्ट येथें तें नौदलांत दाखल झालें.

पुढें १९७१ च्या युद्धाची वेळ आली, तेव्हां त्याच्या चार बॉयलरांपैकीं एकास तडे गेलेले होते. त्यामुळें जहाजाचा वेग मंदावला. आणि जहाजाच्या वेगानें समोरून मिळणारा वारा हा तर विमानाच्या उड्डाणाचा मोठा आधार! अशा जहाजास रणांत न्यावें काय, असा प्रश्न उभा राहिला. अखेर उरलेल्या तीन बॉयलरांच्या बळावर तें बंगालच्या उपसागरांत गेलें. ४ डिसेंबर रोजीं त्याच्या सी हॉक विमानांनीं कॉक्स बझार व चितगाव यांवर हल्ले केले. पुढें अलिझे विमानांनींही बंदरांवर मारा केला आणि पूर्व पाकिस्तानांतील सैन्याची समुद्रवाट बंद झाली. १६ डिसेंबर रोजीं तें सैन्य ढाक्यांत शरण आलें. हा विजय फुकट मिळाला नाहीं. त्याच युद्धांत १० डिसेंबर रोजीं पश्चिमेकडे एक अलिझे शत्रूच्या लढाऊ विमानानें पाडलें. त्यांतील तिघेही परत आले नाहींत.

विक्रांत १९९७ सालीं निवृत्त झालें. मुंबईंत कांहीं वर्षें तें संग्रहालय म्हणून उभें होतें. परंतु एवढें मोठें जहाज राखणें खर्चाचें ठरलें. तें वांचविण्यासाठीं लोकांनीं न्यायालयाचीं दारें ठोठावलीं, तीं उघडलीं नाहींत. २०१४ सालीं तें मोडीस निघालें. त्याचें नांव मात्र २०२२ सालीं नौदलांत आलेल्या नव्या, स्वदेशीं बांधलेल्या जहाजानें पुढें चालविलें आहे.

ज्या जहाजानें हीं विमानें वाहिलीं, तें आतां पाहावयास मिळणार नाहीं. उरलीं आहेत तीं त्याच्या जातकुळीचीं हीं विमानें. प्रवाशानें समुद्रावर अवश्य जावें. परंतु वाटेंत अर्धी घटका येथें थांबावें, बरोबरच्या मुलांना शेपटाखालचा तो आंकडा दाखवावा आणि तो कशांत अडकत असे, हें त्यांना सांगावें.