एका स्वनिर्मित ध्वनिमुद्रिकेतील नववा अवतार

रॉक संगीताची ध्वनिमुद्रिका व्यापारी संस्थेच्या साह्यावाचून वादकांनी स्वतःच सिद्ध करावी, ही गोष्ट भारतात बरीच उशिरा रूढ झाली. 1970 व 1971 साली ‘सिमला बीट’ ह्या नावाने निघालेल्या तबकड्या एका सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेल्या स्पर्धेचे फळ होत्या. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ ह्या वृंदाची ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (1988) हीदेखील सीबीएस ह्या कंपनीमार्फत आली. ध्वनिमुद्रण खर्चाचे होते. आणि ज्याचा पैसा, त्याची निवड, हे ओघानेच आले.

संगणकाने हा खर्च उतरविला. 2000 साली मुंबईत साहिल मखिजा यांनी ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा वृंद स्थापन केला आणि त्याच वर्षी ‘डेमनस्टीलर’ ही पहिली ध्वनिमुद्रिका कोणत्याही कंपनीचा आश्रय न घेता प्रसिद्ध केली. 2005 सालची ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ त्यांच्या स्वतःच्याच ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ह्या नाममुद्रेखाली निघाली. ह्या वृंदाचे संगीत ‘मेटल’ ह्या उग्र प्रकारातले असून त्यात कंठस्वर पुष्कळदा गुरगुरल्यासारखा लावला जातो. शब्द कानाला सहसा उमगत नाहीत. त्यामुळे अर्थाचा बराचसा भार गीतांच्या शीर्षकांवर पडतो.

ह्या दृष्टीने 2017 सालची ‘दशावतार’ ही ध्वनिमुद्रिका विशेष अभ्यसनीय आहे. तिच्यात दहा गीते असून प्रत्येक गीत एका अवताराचे आहे. शीर्षकात आधी संस्कृत नाम येते व लगेच त्याचा इंग्रजी उलगडा: मत्स्य म्हणजे मासा, कूर्म म्हणजे कासव, वराह म्हणजे रानडुक्कर. मराठी श्रोत्याला ह्या उलगड्याची गरज नाही. तो कोणासाठी आहे, हे सांगावयास नकोच.

नवव्या स्थानी बुद्ध आहे. महाराष्ट्रातील जुन्या पंचांगांत व शिल्पपटांत त्या जागी अनेकदा विठ्ठल आढळतो. मुंबईत घडलेल्या ह्या कृतीने हा स्थानिक पर्याय न घेता पुराणांतील सर्वपरिचित यादी घेतली. कंपनीपासून मिळालेली मोकळीक यादीपर्यंत पोचली नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

ही यादी भद्रावतीत बसून वाचली असता तिचा अर्थ पालटतो. येथील विजासन टेकडीतील लेणे बौद्ध आहे. त्याच्या लांब दालनांच्या टोकाशी बुद्धाच्या आसनस्थ मूर्ती कोरलेल्या आहेत. येथून फार दूर नसलेल्या चंद्रपूर येथे 16 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धम्मदीक्षेचा सोहळा केला. त्याच्या दोनच दिवस आधी नागपुरात त्यांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे आपण मानत नाही, अशी आहे. ध्वनिमुद्रिकेत बुद्धाच्या नावापुढे येणारा ‘शिक्षक’ ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द ह्या श्रोत्यालाही मान्य होईल. त्याची हरकत शब्दाला नसून क्रमांकाला आहे.