धनराज पिल्ले : एका आघाडीवीराची कारकीर्द



१८१७ च्या अखेरीस शिरूरच्या छावणीतून कोणती पलटण कोरेगावकडे निघाली, तिच्याबरोबर तोफा किती होत्या, हे आज दोनशे वर्षांनंतरही कागद पाहून सांगता येते. परंतु याच पुणे जिल्ह्यातील, आपल्या डोळ्यांदेखत खेळलेल्या एका खेळाडूने देशासाठी गोल किती केले, हे मात्र खात्रीने सांगता येत नाही. त्या काळी हॉकी महासंघाने गोलांची नोंदच ठेवली नाही. जाणकार तो आकडा १७० च्या वर धरतात, इतकेच. हा खेळाडू म्हणजे खडकीचे धनराज पिल्ले.

त्यांचा जन्म १६ जुलै १९६८ चा. घर तमिळ, वस्ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत. वडील तेथील मैदानाची निगा राखीत. आईने पाचही मुलांना खेळू दिले. मोडक्या स्टिका, टाकून दिलेले चेंडू आणि धुळीचे मैदान, ही त्यांची शाळा. महंमद शाहिद यांचा खेळ हा त्यांचा आदर्श. थोरले बंधू रमेश मुंबईत खेळत होते. त्यांच्यामागे धनराजही तेथे गेले आणि पुढे महिंद्र संघात जोकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली तयार झाले. १९८९ मध्ये ते भारताकडून प्रथम खेळले.

काळ मात्र अनुकूल नव्हता. १९२८ ते १९८० या अवधीत भारताने ऑलिंपिकची आठ सुवर्णपदके मिळविली. पण १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी गवतावरून कृत्रिम मैदानावर गेली. खेळ वेगाचा झाला आणि मैदान महाग झाले. आपली मुले मातीवर शिकत राहिली. या उतरत्या काळात धनराज यांनी आघाडीची फळी १५ वर्षे सांभाळली. ३३९ सामने, ऑलिंपिक, विश्वचषक, आशियाई खेळ आणि चॅम्पियन्स करंडक या प्रत्येक स्पर्धेत चार-चार वेळा सहभाग. असा दुसरा खेळाडू झाला नाही.

१९६६ मध्ये बँकॉकला भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले होते. त्याच बँकॉकमध्ये, ३२ वर्षांनी, १९९८ मध्ये धनराज यांच्या नेतृत्वाखाली ते पुन्हा मिळाले. अंतिम सामन्यात कोरियाशी १-१ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टी स्ट्रोकवर निकाल लागला. गोलरक्षक आशिष बल्लाळ यांचा वाटा त्यात मोठा. एवढे होऊनही लगेच पुढच्या दौऱ्यासाठी कर्णधारासह अनेक विजयी खेळाडू वगळले गेले. कारण सांगितले गेले विश्रांतीचे. खेळाडूंच्या भत्त्याविषयी उघड बोलल्याची ही शिक्षा, असे अनेकांनी मानले.

ऑलिंपिक पदक त्यांना लाभले नाही. २००० साली सिडनीत पोलंडने अगदी शेवटी बरोबरी साधली आणि उपांत्य फेरीचे दार बंद झाले. २००३ मध्ये क्वालालंपूरला पाकिस्तानला ४-२ असे हरवून त्यांच्या संघाने भारताला पहिला आशिया चषक मिळवून दिला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकने कारकीर्द संपली.

मग या कारकिर्दीचे मोल कसे करावे? केवळ पदके मोजली तर हिशेब चुकतो. आघाडीचा खेळाडू गोल करतो, पण चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचावा लागतो. त्यामागे अकरा जण असतात, त्यांच्यामागे मंडळ असते आणि सर्वांच्या मागे एखादे मैदान असते. खडकीत ते कारखान्याने दिले होते. दौंड हे रेल्वेचे आणि राखीव पोलीस दलाचे गाव, शिरूर हे जुन्या छावणीचे. अशाच वस्त्यांतून हा खेळ आपल्या देशात रुजला. तेव्हा पुढचा धनराज कोठे आहे, हे विचारण्याआधी आपल्या गावच्या मैदानावर संध्याकाळी पाणी कोण मारतो, हे आपण विचारावे. धनराज पिल्ले हे असे पाणी मारणाऱ्याचेच पुत्र होत.