प्रोपीन, ब्रोमीन आणि बाटलीतील हवा

वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारून पाहा : पेरॉक्साइडच्या सान्निध्यात प्रोपीन आणि हायड्रोजन ब्रोमाइड यांची अभिक्रिया केली तर काय मिळेल? तो क्षणात सांगेल, '1-ब्रोमोप्रोपेन'. का? 'पेरॉक्साइड आले की मार्कोव्हनिकोव्हचा नियम उलटतो.' आता हायड्रोजन ब्रोमाइडऐवजी हायड्रोजन क्लोराइड घ्या. बरीच मुले तितक्याच आत्मविश्वासाने '1-क्लोरोप्रोपेन' म्हणतात. चार गुण जातात आणि वर एक गुण वजा होतो.

2025 च्या 'नीट' परीक्षेत 180 मिनिटांत 180 प्रश्न होते, त्यांपैकी 45 रसायनशास्त्राचे. प्रश्नाला एक मिनिट मिळत असेल तर मुले नियम घोकतात यात त्यांचा दोष नाही. पण हा नियम आणि त्याचा अपवाद ज्या गोंधळातून बाहेर आले, तो गोंधळ वर्गात एकदा सांगावा असे आम्हांला वाटते. त्यासाठी एक तास पुरतो.

व्लादिमीर मार्कोव्हनिकोव्ह हे रशियातील कझान येथे बुटलेरोव्ह यांचे विद्यार्थी होते. 1869 मध्ये त्यांनी नियम मांडला तो असा : असममित अल्कीनमध्ये हायड्रोजन हॅलाइड मिसळले की, द्विबंधाच्या ज्या कार्बनवर हायड्रोजन कमी, त्याला हॅलोजन चिकटतो. प्रोपीनपासून 2-ब्रोमोप्रोपेन मिळते ते यामुळे. आज आपण फळ्यावर कार्बोकॅटायनची स्थिरता दाखवून हा नियम 'सिद्ध' करतो. विद्यार्थ्यांना वाटते की मार्कोव्हनिकोव्हांनीही तसेच केले असेल. पण इलेक्ट्रॉनचा शोधच मुळी 1897 चा! त्यांच्यापुढे होती ती मोजक्या प्रयोगांची निरीक्षणे आणि रेणूतील अणू एकमेकांवर परिणाम करतात ही गुरूंकडून मिळालेली कल्पना.

नियम लोकप्रिय झाला, पण हायड्रोजन ब्रोमाइड त्याला जुमानेना. विशेषतः अॅलिल ब्रोमाइडने रसायनशास्त्रज्ञांना फार छळले. (हा पदार्थ म्हणजे प्रोपीनच, फक्त त्याच्या मिथिल गटातील एका हायड्रोजनच्या जागी ब्रोमीन असतो.) त्यात हायड्रोजन ब्रोमाइड मिसळले की कोणाला 1,2-डायब्रोमोप्रोपेन मिळे, कोणाला 1,3-डायब्रोमोप्रोपेन, तर कोणाला दोन्हींचे मिश्रण. तोच प्रयोग पुन्हा केला तर प्रमाण बदले. कोणी द्रावकाला दोष दिला, कोणी प्रकाशाला, कोणी तापमानाला. एकेकाचे स्पष्टीकरण ऐकायला पटण्यासारखे असे, पण पुढच्या प्रयोगात ते टिकत नसे.

हा गुंता सोडवला शिकागो विद्यापीठातील मॉरिस खराश आणि त्यांचे तरुण सहकारी फ्रँक मेयो यांनी. खराश यांचा जन्म 1895 मध्ये आजच्या युक्रेनमधील क्रेमेनेट्सचा. लहान वयातच ते अमेरिकेत आले. दोघांनी अभिक्रिया बंद नळ्यांत केल्या. काही नळ्यांतील हवा पूर्ण काढून टाकली, काहींत राहू दिली. निर्वात नळीत अभिक्रिया रेंगाळत चाले, कित्येक दिवस लागत, आणि मिळे ते प्रामुख्याने 1,2-डायब्रोमोप्रोपेन, म्हणजे नियमाप्रमाणे. हवा किंवा पेरॉक्साइड असेल तर तेच काम काही तासांत उरके आणि हाती येई 1,3-डायब्रोमोप्रोपेन. हायड्रोक्विनोनसारखे ऑक्सिडीकरण रोखणारे पदार्थ थोडेसे घातले की अभिक्रिया पुन्हा नियमाच्या वळणावर येई. 1933 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

अल्कीन बाटलीत पडून राहिले की हवेतील ऑक्सिजनमुळे त्यात थोडे पेरॉक्साइड आपोआप तयार होते. म्हणजे इतकी वर्षे निकाल ठरत होता तो बऱ्याच अंशी बाटली किती जुनी आहे यावर! ज्यांचे निकाल 'चुकले' होते त्यांचे हात अडाणी नव्हते. त्यांच्या बाटलीत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, एवढेच.

पेरॉक्साइड नेमके करते काय, हे मात्र लगेच कळले नाही. मुक्त मूलकांचा शोध मोझेस गोम्बर्ग यांनी 1900 मध्येच लावला होता, पण साध्या द्रवातील रोजच्या अभिक्रिया अशा मूलकांमार्फत चालत असतील असे फारसे कोणाला वाटत नव्हते. 1937 मध्ये खराश व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि स्वतंत्रपणे इंग्लंडमध्ये हे आणि वॉटर्स यांनी, साखळी अभिक्रियेचे स्पष्टीकरण दिले. पेरॉक्साइडमधील ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध दुबळा असतो. तो तुटून झालेले मूलक हायड्रोजन ब्रोमाइडमधील हायड्रोजन पळवते आणि ब्रोमीनचा अणू मोकळा होतो. तो प्रोपीनच्या टोकाच्या कार्बनला चिकटतो. उरलेले मूलक दुसऱ्या रेणूतून हायड्रोजन घेते, नवा ब्रोमीन अणू सुटतो आणि साखळी पुढे चालू राहते.

इथे वर्गात थोडे थांबावे. नेहमीच्या अभिक्रियेत आधी हायड्रोजन येतो, मागून ब्रोमीन. पेरॉक्साइड असेल तर आधी ब्रोमीन येतो, मागून हायड्रोजन. पण दोन्ही वेळा पहिला येणारा टोकालाच बसतो, कारण त्यामुळे मधल्या कार्बनवर अधिक स्थिर अवस्था तयार होते. एकदा कार्बोकॅटायन, एकदा मूलक. नियमामागचे तत्त्व उलटत नाही. येण्याचा क्रम बदलतो.

मग हायड्रोजन क्लोराइडचे काय? बंध तोडण्यास लागणारी ऊर्जा पाहा : हायड्रोजन-क्लोरीन सुमारे 431 किलोज्यूल प्रतिमोल, हायड्रोजन-ब्रोमीन 366, हायड्रोजन-आयोडीन 299. साखळीच्या दुसऱ्या पायरीत हा बंध तुटून कार्बन-हायड्रोजन बंध जुळतो आणि त्यातून सुमारे 410 मिळतात. क्लोराइडच्या बाबतीत हा व्यवहार तोट्याचा ठरतो आणि साखळी अडते. आयोडाइडची दुसरी पायरी सोपी आहे, पण पहिलीच जड जाते. आयोडीनचा अणू द्विबंधाला नीट धरत नाही, दोन आयोडीन अणू एकमेकांशीच जुळतात. दोन्ही पायऱ्या फायद्याच्या असणारा एकटा हायड्रोजन ब्रोमाइड. तीन आकडे फळ्यावर लिहिले की मुले हे स्वतःच शोधून काढतात.

तास संपता संपता एक प्रश्न जरूर टाकावा. प्रोपीन आहे, हायड्रोजन ब्रोमाइड आहे, थोडे पेरॉक्साइडही आहे. पण कोणीतरी त्यात पुरेसे हायड्रोक्विनोन घातले आहे. आता ब्रोमीन कुठे बसेल?