म्हाताऱ्या हाडांचे मोल

मनुष्याच्या देहास इजा झाली असता तिचे मोल पैशांत करावे की नाही, आणि करावयाचे तर कोणत्या मापाने, हा प्रश्न मोटारींबरोबर आपल्याकडे आला अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाड्यांच्या अपघातांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. जनावराची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, लगाम तुटला, अथवा हाकणाऱ्याने ‘बाजूस व्हा’ म्हणून ओरडून सांगितले, अशा दहा प्रसंगी दंड नाही. मात्र हाकणारा अडाणी असल्यामुळे गाडी भलतीकडे गेली तर दोनशे पणांचा दंड मालकास, आणि हाकणारा कुशल असूनही चुकला तर तो हाकणाऱ्यास. अडाणी मनुष्याच्या हाती गाडी देणाऱ्या धन्यास जबाबदार धरण्याची ही कल्पना वाचली म्हणजे आजच्या न्यायालयातील युक्तिवाद आठवल्यावाचून राहत नाही. त्याच अध्यायात, दुसऱ्याच्या अंगास इजा करणाराने तो बरा होईपर्यंतचा खर्च द्यावा असेही सांगितले आहे. त्यास ‘समुत्थानव्यय’ असे नाव आहे. जखमी मनुष्य पुन्हा उठून उभा राहीपर्यंतचा खर्च, असा त्याचा अर्थ.

पण जो पुन्हा उठून उभा राहतच नाही त्याचे काय? सत्तरीच्या घरातील आईचे खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते, आणि तरीही ती घराचा उंबरा पुन्हा आपल्या पायांनी ओलांडीत नाही. हा प्रसंग सोलापुरासारख्या गावी मुळीच विरळा नाही. पुण्याहून हैदराबादेकडे जाणारा आणि धुळ्याकडून विजापुराकडे उतरणारा असे दोन मोठे महामार्ग ह्या शहरापाशी एकमेकांस छेदतात. मालमोटारी अहोरात्र वाहतात, आणि त्याच रस्त्यांच्या कडेने दूधवाले, विडीच्या कारखान्यास जाणाऱ्या स्त्रिया व देवदर्शनास निघालेली वृद्ध मंडळी चालत असतात. कोजागिरीस तुळजापूरची वाट वाहनांना बंद करून ती पायी जाणाऱ्या भाविकांस मोकळी करून देण्यात येते. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत मात्र त्या वाटेवर पायी चालणाऱ्याचा कैवार घेणारा कोणी नसतो.

ज्या इंग्रजी कायद्यावर आपला कायदा उभा राहिला त्याने ह्या बाबतीत फार काळ निष्ठुरपणा दाखविला. तेथे एक विलक्षण जुनी चाल होती. ज्या वस्तूने मनुष्य मेला ती वस्तू, मग ते गाडीचे चाक असो की घोडा, किंवा तिची किंमत, राजाकडे जमा व्हावयाची. मेलेल्याच्या घरच्यांस त्यातून हक्काने काही मिळत नसे. 1808 साली एका टपालगाडीच्या अपघातात एका गृहस्थाची पत्नी जखमी झाली व सुमारे महिन्याने वारली. त्याने दावा लावला तेव्हा लॉर्ड एलनबरो ह्यांनी असा निर्णय दिला की, मनुष्याचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात भरून मागण्यासारखी हानी नव्हे. ती जिवंत होती तेवढ्या महिन्याच्या सहवासापुरती भरपाई त्यास मिळाली. सारांश, माणूस जखमी करणे महाग आणि ठार करणे स्वस्त, असा हा न्याय होता. रेल्वेचे अपघात वाढू लागले तेव्हा 1846 साली पार्लमेंटाने तो बदलला, व त्याच वर्षी ती चाक-घोडा जप्त करण्याची चालही मोडून टाकली. आपल्याकडे 1855 च्या प्राणघातक अपघातांच्या कायद्याने तीच सुधारणा आणली आणि पती, पत्नी, आईबाप व मुले ह्यांस दाव्याचा अधिकार दिला.

अधिकार दिला खरा, पण माप आर्थिक हानीचे ठेवले. कमावता मुलगा गेला तर आईबापांची हानी मोजता येई. म्हातारी आई गेली तर मिळवत्या मुलाची हानी कशाने मोजावयाची? पहाटे उठून चूल पेटविणे, नातवंडांस न्हाऊमाखू घालणे, सून कामावर गेली असता घर राखणे, ह्या कामांची नोंद कोणत्याही वहीत नसते. कायद्याच्या तराजूत ती फार काळ शून्यच ठरत आली.

सोलापूरकरांस नुकसानभरपाई ही गोष्ट रस्त्याआधी गिरणीत भेटली. येथील जुनी गिरणी 1877 साली सुरू झाली. तिच्या मागोमाग इतर गिरण्या निघाल्या, आणि यंत्रात बोटे व हात जाण्याचे प्रकार गावास परिचयाचे झाले. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने देहाच्या अवयवांची एक अनुसूची केली व कोणता अवयव गेला म्हणजे कमाईचा किती हिस्सा गेला हे शेकड्याने मांडले. आश्रितांच्या यादीत विधवा मातेस स्थान मिळाले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परंतु तेथेही माता होती ती मागणारी म्हणून. जखमी म्हणून तिचा विचार करणारे कोणी नव्हते, कारण ती गिरणीत नव्हती. ती रस्त्यावर होती.

रस्त्यासाठी कायदा झाला तो 1939 साली. त्यातील विम्याचे प्रकरण मात्र 1946 च्या जुलैपर्यंत अमलात आले नाही. तोवर धडक देणाराची ऐपत हीच जखमी माणसाची आशा. पुढे 1956 च्या दुरुस्तीने स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद केली आणि दिवाणी दाव्याच्या जड फीतून व लांबणीतून लोकांची काही अंशी सुटका केली. तरीही चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे जखमी माणसाच्याच डोक्यावर होते. मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात हे ओझे उतरवू पाहिले. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. अखेर 1982 साली संसदेनेच दोष न पाहता थोडीशी रक्कम देण्याचा मार्ग काढला: मृत्यूस 15,000 रुपये व कायमच्या अपंगत्वास 7,500. रक्कम क्षुल्लक होती, पण तत्त्व मोठे होते. आज चालू असलेला कायदा 1988 चा. 2019 च्या दुरुस्तीनंतर हाच दोषनिरपेक्ष आकडा मृत्यूस पाच लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख असा आहे. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही तर सरकारी योजनेतून अनुक्रमे दोन लाख व पन्नास हजार मिळतात.

आता वृद्धांच्या हिशेबाकडे वळू. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा प्रकरणात वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले. विशी-पंचविशीतल्यास 18, पन्नाशी ओलांडलेल्यास 11, एकसष्ट ते पासष्ट वयास 7, त्यापुढे 5. समजा, सदुसष्ट वर्षांची एक बाई घरी विड्या वळून महिना 6,000 रुपये मिळवीत होती व तिची चाळीस टक्के कमाई गेली. वर्षाचे 72,000, त्यांची पाचपट 3,60,000, आणि त्याचे चाळीस टक्के म्हणजे 1,44,000. गुणाकार बिनचूक आहे. त्यातला चाळीसचा आकडा कोठून आला, हे मात्र पाहिले पाहिजे. 2010 साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार ह्या निर्णयात न्यायालयाने स्पष्ट केले की, अवयवाचे अपंगत्व आणि कमाईचे अपंगत्व ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर सुताराची जवळजवळ सगळी कमाई जाते. सरकारी कारकुनाची जाईलच असे नाही. हाच न्याय विडी वळणाऱ्या बोटांस लावला म्हणजे दाखल्यावरील चाळीस टक्के हे कमाईच्या दृष्टीने पुष्कळदा शंभर असतात. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला नुसता जोडून भागत नाही. डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते, आणि ती व्हावी म्हणून मुलाने आग्रह धरावा लागतो.

शिवाय कमाई हा भरपाईचा एकच भाग. औषधोपचार, पुढील शुश्रूषा, यातना, आयुष्यातील सुखास मुकणे हे भाग वेगळे मोजावयाचे असतात, आणि म्हाताऱ्या माणसाच्या दाव्यात बहुधा तेच जड असतात. ‘हाडे मुळातच ठिसूळ होती, तरुण असता तर मोडली नसती’ हा विमा कंपन्यांच्या वकिलांचा ठरीव बचाव. त्याचे उत्तर 1901 सालच्या एका इंग्रजी निकालात आहे. एका मद्यगृहात घोड्याची गाडी घुसली व आत काम करणारी गरोदर स्त्री धक्क्याने आजारी पडली. न्यायमूर्ती केनेडी ह्यांचे म्हणणे असे की, ज्याचा अपराध त्याने समोरचा माणूस जसा आहे तसा पत्करला पाहिजे; कवटी पातळ होती ही सबब चालणार नाही. मला वाटते, हाडांच्या ठिसूळपणाचा मुद्दा उकरून काढणाऱ्यांस हा निकाल वाचून दाखविण्यास हरकत नसावी.

गृहकृत्यांच्या मोलाची गोष्टही अखेर बदलली. 1989 च्या मार्चमध्ये जमशेदपूर येथे पोलाद कारखान्याच्या समारंभात आग लागून अनेक स्त्रिया व मुले दगावली. त्यांच्या भरपाईचा आकडा काढण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांजकडे सोपविले. त्यांनी वयोवृद्ध स्त्रियांच्या घरकामाचे मोल वर्षाला 10,000 रुपये धरले होते. 2001 साली न्यायालयाने ते 20,000 केले. तरुण गृहिणींसाठी 36,000 धरले. हे आकडे तोकडे आहेत, ह्यात शंका नाही. पण बासष्ट ते बहात्तर वर्षांच्या स्त्रीचे काम हे काम आहे एवढे तरी त्यांनी लिहून ठेवले.

ह्या सर्वांहून मोठा शत्रू काळ. दावा लावण्यास 1956 साली साठ दिवसांची मुदत होती, 1969 मध्ये ती सहा महिने झाली, 1994 साली मुदतच काढून टाकली, आणि 2019 च्या दुरुस्तीने सहा महिने पुन्हा लिहिले गेले. त्या मुदतीस सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिले गेले आहे. रुग्णालयाच्या बाकावर बसून जागरणे करणाऱ्या कुटुंबास सहा महिने कसे सरतात ते कळत नाही. शिवाय व्याज लागते ते अर्जाच्या तारखेपासून, त्याआधीच्या दिवसांचे नाही. 1994 च्या दुरुस्तीने एक सोय मात्र चांगली केली. अपघात कर्नाटकात वा तेलंगणात घडला तरी राहत्या जिल्ह्यातील न्यायाधिकरणात, म्हणजे सोलापुरातच, अर्ज करता येतो. अंथरुणास खिळलेल्या बापाने स्वतः जावयास हवे असेही नाही. त्याने अधिकार दिलेला मुलगा अर्ज करू शकतो. डोक्यास मार लागून स्मृतीच गेली असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे न्यायालयाच्या संमतीने वादमित्र म्हणून उभे राहावे लागते.

आणि दावा चालू असताना ते वृद्ध माणूस वारले तर? जखमेने वारले तर दाव्याचे रूप बदलते. पण तीन वर्षांनी ते न्यूमोनियाने वा हृदयविकाराने गेले, तर वैयक्तिक इजेचा हक्क माणसाबरोबर मरतो, ही इंग्रजी कायद्याची जुनी समजूत भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या 306 व्या कलमातून येथेही नांदत होती. औषधपाण्याचा खर्च तेवढा काही न्यायालये वारसांस देत. यातनांचे मोल चितेबरोबर जळून जाई. सुनावणी लांबविण्यात प्रतिपक्षाचा फायदा असावा आणि जखमी माणूस जितके म्हातारे तितका तो फायदा अधिक असावा, ह्याहून विपरीत व्यवस्था कल्पिता येणार नाही. 2019 च्या दुरुस्तीने ती मोडली. मृत्यूचे कारण काहीही असो, त्याचा अपघाताशी संबंध असो वा नसो, भरपाई मागण्याचा हक्क वारसांकडे जातो, असे आता 166 व्या कलमात स्वच्छ म्हटले आहे. ही तरतूद 1 एप्रिल 2022 पासून अमलात आहे.

निवाडा झाल्यावरही एक पायरी उरते. अशिक्षित, विधवा व अज्ञान ह्यांच्या हाती रोख रक्कम पडली तर ती लुबाडली जाईल, ह्या भीतीने न्यायालये पैसा मुदतीच्या ठेवीत ठेवू लागली. हेतू चांगला, पण परिणाम असा की स्वतःच्या औषधास पैसे हवेत म्हणून वृद्धांस पुन्हा अर्ज करावे लागत. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हा नियम यांत्रिकपणे लावू नये. प्रत्येक दावेदाराची गरज व समज पाहून ठरवावे. तेव्हा रकमेचा निवाडा होत असतानाच, शुश्रूषेस दरमहा किती लागतात, कर्ज किती झाले आहे, किती रक्कम ताबडतोब हवी आणि किती ठेवीत चालेल, हे मुलाने अर्जात लिहून द्यावे. न्यायाधिकरणास ते आपण होऊन कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.