बर्फघर आणि घामेजलेली नळी

चेन्नईस बदली होऊन आलो त्या वर्षी आश्विनात माझ्या घरातील वातानुकूलन यंत्राच्या तांब्याच्या नळीतून पाणी ठिबकू लागले. नळी गळते असे समजून मी कारागिरास बोलाविले. त्याने नळीवरील रबरी आवरणाचा उसवलेला सांधा तेवढा दाखविला. नळी शाबूत होती. हवेतील बाष्पच तिच्यावर पाणी होऊन बसत होते. तीस अंश उष्णतेची दमट हवा पंचवीस अंशांच्या आसपासच दव सोडू लागते आणि आतली नळी तर दहा अंशांइतकी थंड! मग भिंत भिजावी यात नवल ते काय?

तेव्हापासून मरीनावरील ‘आइस हाउस’कडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. श्रोतेहो, हाच झगडा या वास्तूने एकोणिसाव्या शतकात मांडला होता.

बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने 1806 साली मार्टिनिक बेटावर बर्फ धाडले, तेव्हा लोक त्याला हसले. 1833 मध्ये त्याचे ‘टस्कनी’ जहाज सुमारे 180 टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघाले. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातील शंभर टनांच्या आसपास शिल्लक होते. 1842 मध्ये मद्रासचे बर्फघर उभे राहिले. आपल्या मुंबईलाही हे बर्फ येई.

या पराक्रमाचे श्रेय लाकडाच्या भुशाला! भुशाच्या कणांत कोंडलेली हवा उष्णता अडवी. पण शत्रू केवळ ऊन नव्हते. एक तोळा बाष्प बर्फावर पाणी होऊन बसले, तर त्याची उष्णता सुमारे सात तोळे बर्फ वितळविते. शिवाय भुसा ओला झाला की निकामी. म्हणून वितळलेले पाणी वाहून नेण्याची सोय करावी लागे. आजच्या रबरी आवरणातील हवेच्या पेशी बंद असतात, त्यांत बाष्प शिरत नाही. मात्र सांधा उघडा राहिला की सारे व्यर्थ, आणि आवरण पातळ असले तर त्याच्याही पाठीवर घाम येतोच.

1870 नंतर यंत्राचे बर्फ स्वस्त झाले आणि हा व्यापार बुडाला. इमारत बिळिगिरी अय्यंगार या वकिलांनी विकत घेऊन राहण्याजोगी केली. 1897 च्या फेब्रुवारीत स्वामी विवेकानंद तेथे उतरले होते. 1963 पासून ती ‘विवेकानंदर इल्लम’ म्हणून ओळखली जाते. बसचे वाहक मात्र थांबा पुकारताना अजून ‘आइस हाउस’च म्हणतात.